डाव्या हाताला समुद्र

आबांच्या घरी भाड्याने राहायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नियम सांगितला. भाड्याचा नाही, पाण्याचा नाही. म्हणाले, "मास्तर, माळावर कुठंबी फिरा. वारुळाच्या पल्याड डाव्या हाताला तेवढं जाऊ नका."

"का? साप आहेत?"

"न्हाई. समुद्र हाय."

मी हसलो. त्या काळी मी फार हसत असे. नोकरी नवी होती, राज्य निजामाचं होतं आणि शहाणपण तेवढं माझं एकट्याचं होतं. पाटोद्याच्या पुढे बालाघाटाच्या माथ्यावरलं ते गाव. तिथून समुद्र गाठायचा तर कितीतरी मुक्कामांची वाट, शिवाय मधे सह्याद्री आडवा. गावातल्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता आणि मीही नव्हता. पाणी म्हणजे आडाच्या तळाशी चकाकणारं, नाहीतर पावसाळ्यात चार दिवस ओढ्याला येणारं. मदरशात, म्हणजे गावच्या सरकारी शाळेत, मी मराठीबरोबर भूगोलही शिकवी. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणी जास्त आहे, असं सांगितलं की मुलं एकमेकांना कोपराने ढोसत. मास्तर थापा मारतोय, असं त्यांना वाटे.

गाव त्यांना टापूवाले, म्हणजे बेटावरचे, आबा म्हणे. जातीने धनगर, अंगाने उंच, वय साठीच्या आसपास. डोळे असे की ते बघायला लागले म्हणजे समोरचा माणूस उगाच सदऱ्याची बटणं चाचपी. कुणाचं मेंढरू हरवलं की तो आबांकडे येई. आबा घरामागच्या उंचवट्यावर उभे राहत, कपाळावर आडवा हात धरून माळ एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळत, "तिसऱ्या ओघळीत बोराटीखाली हाय, पाय आडकलाय" असं सांगत आणि परत लोकर कातायला बसत. मेंढरू तिथेच सापडे. "नजर हटली की मेंढरू गेलं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते म्हणताना मात्र त्यांचा चेहरा असा होई की पुढे बोलायची सोय राहत नसे. गावातले लोक म्हणत, येडं हाय, पर कामाचं हाय.

ही नजरच त्यांना टापूवर घेऊन गेली होती. तरुणपणी ते मोमिनाबादच्या छावणीकडे मेंढरं घेऊन गेले असताना तिथला एक गोरा साहेब माळावर गोल्फ खेळत होता आणि त्याचे चेंडू बोराटीत हरवत होते. आबांनी ते एकामागून एक काढून दिले. साहेबाने त्यांना मेंढरांवरून उठवलं आणि चेंडू शोधायला ठेवून घेतलं. पुढे साहेब निवृत्त झाला आणि कुठल्याशा दूरच्या टापूवर गेला. तिथे समुद्राच्या काठाला गोऱ्या लोकांनी हवा खायला येण्यासाठी एक मोठं हॉटेल होतं आणि हॉटेलाला लागून गोल्फचं मैदान. साहेब त्या मैदानाचा कारभारी झाला आणि त्याने आबांना बोलावून घेतलं. आबांनी सोबत धाकटा भाऊ म्हादू याला नेलं. म्हादूचं लग्न होऊन वर्ष झालं होतं.

दोघं गेले, एक परत आला. म्हादू कुठे, असं विचारलं तर आबा म्हणत, "त्यो तिथंच हाय. मागून येईल." मी राहायला गेलो तेव्हा या गोष्टीला सतरा वर्षं झाली होती.

टापूवरचा तो खेळ आबांनी माळावर जसाच्या तसा मांडला होता. गोट्यांच्या खेळात असते तशी गल, पण जरा मोठी, अशा नऊ गली. तिकडे गलीभोवती कापलेली हिरवळ असते म्हणे. आमच्याकडे कुसळाशिवाय काही उगवत नसे, म्हणून आबांनी प्रत्येक गलीभोवती छोटं खळं करून ते शेणाने सारवलं होतं. काठ्या दोन. एक लोखंडी डोक्याची, साहेबाने दिलेली, आणि दुसरी गावच्या सुताराने बाभळीची करून दिलेली. चेंडू पाच-सहा, चुना लावून पांढरे केलेले. पहिल्या खळ्यापाशी आबा पायताण काढून ठेवीत. मी म्हटलं, "आबा, काटे आहेत." तर म्हणाले, "वाळूत पायतान कशाला?" आणि त्या टोकदार मुरमावरून ते खरोखर वाळूत चालल्यासारखे, पाय जरा रोवत चालत.

मला त्यांनी खेळायला शिकवलं. मी टिंगलीपायीच गेलो होतो, पण गेलो आणि जातच राहिलो.

"ह्यो पैला," ते सांगत. "म्होरं नारळीची रांग. वारा समुद्राकडनं हाय. चेंडू जरा डावीकडनं सोडा, वारा त्याला आनून देतो."

समोर मला हिवराची दोन खुरटी झाडं दिसत. झाडांचं पान हलत नसे. मी आपला चेंडू सरळ मारी आणि तो हवेत उजवीकडे वळून बोराटीत जाई. आबांचा डावीकडून सुटे आणि बरोबर खळ्यापाशी येऊन पडे. असं एकदा झालं तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. मी महिनाभर सोडून देत होतो, मग गुपचूप डावीकडून मारायला लागलो.

खेळाचा एक नेम मात्र ते देवाच्या नेमासारखा पाळत. चेंडू पडेल तिथूनच खेळायचा, त्याला हात लावायचा नाही. एकदा माझा चेंडू बोरीच्या जाळीत ऐन मध्ये जाऊन बसला. मी म्हटलं, काढून बाहेर ठेवतो. आबा म्हणाले, "पडल्या जागी." मी धोतर फाडून घेतलं, हातापायावर ओरखडे घेतले, चौदाव्या फटक्याला चेंडू बाहेर आला. आबा तोवर शांत उभे होते. डावीकडे गेलेला चेंडू मात्र ते खेळत नसत. "गेला," म्हणत, "पान्यात गेला." तो दहा पावलांवर स्वच्छ दिसत असे, कोरड्या मातीत, पांढरा. दुसऱ्या दिवशी तिथे काही नसे.

तुम्ही म्हणाल, तुम्ही जाऊन का नाही उचललात? एकदा मी निघालो होतो. वारुळाच्या पुढे पाच-सात पावलं टाकली आणि परत आलो. कशाला आलो ते मला आजही धड सांगता येत नाही. माझ्यापेक्षा धीट माणसाचं सांगतो. आमच्याकडे शाळा तपासायला आलेले साहेब अंगापिंडाने दांडगे आणि आवाजाने त्याहून दांडगे होते. हैदराबादेत त्यांनी हा खेळ पाहिला होता. धनगराच्या हातात काठी बघून त्यांना गंमत वाटली आणि त्यांनी स्वतः एक फटका मारला. चेंडू डावीकडे गेला. आबा म्हणाले, "साहेब, ऱ्हाऊ द्या." साहेब कसले ऐकतात. तरातरा गेले, निम्म्या वाटेत थांबले, खाली बघितलं आणि तसेच उलट्या पावली माघारी आले. वैशाख होता, जमीन अशी की पहार आपटली तर ठिणगी उडावी. साहेब मला हळूच म्हणाले, "मास्टर, उधर जमीन नरम है." त्यानंतर त्यांनी शाळा न बघताच उत्तम शेरा लिहिला आणि टांगा जोडायला सांगितला. मला शेऱ्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

खेळाची वेळही विचित्र होती. आज सकाळी उन्हं चढताना गेले तर उद्या त्याहून दोन घटका उशिरा, परवा आणखी दोन घटका. सरकत सरकत खेळ संध्याकाळवर आला की पुन्हा सकाळवर जाई. मला आकडेमोडीचा नाद, म्हणून माझ्या ते ध्यानात आलं. मी विचारलं, "आबा, रोज एक वेळ का ठेवत नाही?"

"माजं काय हाय, मास्तर. त्याच्या जाण्या-येण्याचं बगावं लागतंय."

"कोणाच्या?"

"पान्याच्या. पानी हटलं की जायाचं, पानी फिरायच्या आत परतायचं."

ऐन दुपारी, वारा मेलेला असताना, सहाव्या खळ्यापासून पुढे एक आवाज येई. कुणीतरी खूप मोठं माणूस झोपलंय आणि सावकाश श्वास घेतंय, असा. मी तो उन्हाचा, माझ्या कानाचा, कधी पोटातल्या भुकेचा समजत आलो. पुढे कितीतरी वर्षांनी बदली झाल्यावर नातलगांकडे कोकणात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्राकाठी उभा राहिलो. बरोबरची मंडळी पाण्याकडे धावली. मी जागचा हललो नाही, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

गली नऊ असल्या तरी आबा सातवीपर्यंतच खेळत. सातव्या खळ्यापाशी काठी ठेवून ते खाली बसत आणि डावीकडे बघत राहत. तिकडे लांबवर एक मेंढपाळ बसलेला दिसे. गुडघ्याला हाताची मिठी घालून, तोंड आमच्याकडे करून. त्याच्या आसपास मेंढरं का नाहीत, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण माळावर मेंढपाळ असायचाच, आपण काही त्याला मोजत बसत नाही. काही वेळाने आबा उठत आणि आम्ही घरी येत असू.

घरी धुरपदाबाई असत. म्हादूची बायको. अठरा वर्षं त्या या घरात भाकरी थापत होत्या आणि कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावत होत्या. आबांचा खेळ किती वाजता आटपेल हे त्यांना कुणी सांगत नसे, तरी आबा दारात आले की तव्यावर भाकरी फुगलेली असे. पण दोघांचं आपसात बोलणं नव्हतं. भांडण नाही, रिवाज. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया. त्याच्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्यानेही भावजयीशी बोलायचं नाही. मी येण्याआधी दोघं भिंतीशी बोलत. मी आल्यावर भिंतीची जागा मला मिळाली. "भाकर झाली म्हनावं," त्या चुलीपाशी म्हणत. "कालवनात मीठ कमी हाय म्हनावं," आबा ताटावरून म्हणत. दोघांत तीन हातांचं अंतर आणि मधे मी, दोन्हीकडे मान फिरवत. सुरुवातीला मला याची फार मजा वाटे.

मजा संपली ती शेजारच्या लग्नात. हळदीच्या आदल्या दिवशी सवाष्णी मिळून मुसळाला हात लावून घाणा भरतात. धुरपदाबाईंनीही हात पुढे केला. एका म्हाताऱ्या बाईने तो हळूच बाजूला केला आणि म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे बाय." रागाने नाही, मायेनेच. त्या घरी आल्या त्या माझ्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या.

"मास्तर, आबास्नी एक इचारायचंय. तुमी इचारा, मी ऐकंन. त्ये हायेत का न्हाईत?"

मी म्हटलं, "बाई, आबा सांगतात ना, मागून येतील."

"अठरा वरीस मागूनच येऊलालेत. हायेत तर मी म्हातारी होईस्तवर कुकू लावीन. न्हाईत तर पुसंन. लोक मला सवाशीन मनून बलवनात आन रांडमुंड मनून सोडनात. आता ह्ये मधी न्हाई ऱ्हायचं मला."

मला हे आधीच सुचायला हवं होतं. वर्षभर त्यांच्या हातची भाकरी खाऊन मी मिठाचेच निरोप पोचवत होतो. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी खेळाची वेळ भर दुपारची होती. धुरपदाबाई आमच्या मागोमाग वीस पावलं अंतर ठेवून आल्या. आबांनी बघितलं आणि ते पुढे चालत राहिले. सातव्या खळ्यापाशी आबा बसले. त्या पाठमोऱ्या, पदर ओढून, जरा मागे बसल्या. मी घसा खाकरला आणि विचारलं, "आबा, म्हादू आहे का नाही? बाईंना एवढंच कळायला हवंय."

आबा डावीकडे बघतच बोलले.

"टापूवर जाऊन आमाला तिसरा दिस होता. आठव्या गलीला साहेबाचा चेंडू डावीकडं गेला, वाळूत पडला. साहेबाला जेवायचं बलावनं आलं. मनला, जेवून येतो, चेंडू हलू नये. तिथं कावळे लई, अंडं समजून उचलत्यात. म्या म्हादूला मनलो, हितं बस. म्या येईस्तवर उठू नगंस."

"मग?"

"साहेब जेवला, झोपला. मला पेट्या उचलाय लावलं. दुपार कलल्यावर आलो, तर म्हादू पान्यात बसलेला. कमरंइतक्या." त्यांनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवला. "आपल्याकडं पानी कव्हा येतं, मास्तर? वर पाऊस झाल्यावर. आन आलेलं पानी उतरतं. तिथं आभाळात ढग न्हवता. मला काय ठाव, समुद्राचं पानी बिनपावसाचं वर येतं मनून? मला वाटलं, कुठं तरी वर झाला आसंल पाऊस, वढ्यावानी उतरंल. म्हादू माझ्याकडं बगत हुता. उठू का, आसं. म्या हात केला."

आबांनी हात उचलला आणि तळवा खाली दाबला. बस. मेंढराच्या कुत्र्याला करतात तसा.

"साहेबाला इचारून येतो मनलो आन गेलो. परत आलो तर निस्तं पानी."

पुढे वर्षभर ते तिथेच राहिले. रोज पाणी हटलं की शोधायचे, रोज दोन घटका उशिरा. म्हादू सापडला नाही. शेवटी साहेबानेच त्यांना जहाजावर बसवून दिलं.

"मेला आसं मी कसं मनू?" आबा म्हणाले. "म्या बसवलंय त्याला. ऊठ मनल्याबिगर त्यो उठायचा न्हाई. रोज हितं येतो, ऊठ मनायला तोंड उगडतो. सबूदच निगत न्हाई. निगाला आन त्यो उठला, तर मग त्यो गेला. मग काय ऱ्हायलं?"

मी डावीकडे बघितलं. तो मेंढपाळ तसाच बसला होता, आमच्याकडे बघत. आणि मला कळलं की वर्षभर मी ज्याला पाहत होतो त्याच्यापाशी एकदाही मेंढरू नव्हतं, घोंगडी नव्हती, की सावली नव्हती. मी घाबरलो. सरळ सांगतो, धुरपदाबाई तिथे नसत्या तर मी पळालो असतो.

त्या उठल्या होत्या. त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि त्या डाव्या हाताला चालू लागल्या.

"मास्तर, तिला आडवा," आबा म्हणाले. मी जागचा हललो नाही. वारुळाच्या पुढे गेल्यावर त्यांची चाल बदलली. ओढ्याला पाणी असताना बाई चालते तशा, पाय चाचपून, दोन्ही हात अंगापासून लांब धरून त्या जात होत्या. श्वासाचा तो आवाज एवढा वाढला होता की आबा काहीतरी बोलत होते ते मला ऐकू येईना. त्या बसलेल्या माणसापाशी पोचल्या. वाकल्या. काय बोलल्या ते त्यांचं त्यांना माहीत. मला वाटतं, तो माणूस उभा राहिला. वाटतं असंच म्हणेन, कारण उन्हाने सगळा माळ थरथरत होता आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. डोळे पुसून बघितलं तर तिकडून एकट्या धुरपदाबाई येत होत्या.

त्या जवळ आल्या तेव्हा छातीपर्यंत चिंब होत्या. लुगडं अंगाला चिकटलं होतं, त्यातून निथळून खळ्याच्या सारवणावर पाण्याचे ओघळ जात होते. डोईवरचा पदर मागे पडला होता आणि त्यांनी तो सावरला नाही. कपाळावर कुंकू नव्हतं. पुसल्याचा डाग नव्हता, धुऊन गेलं होतं.

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. आबांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्याशी बोलल्या.

"उठले त्ये, आबा. आता तुमी उठा."

आबांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला. मी तो धरायला वाकलो, पण धुरपदाबाईंनी मला बाजूला सारलं आणि स्वतः धरला. त्यांच्या बांगड्यांतून पाणी गळत होतं. आबांना उठायला फार वेळ लागला.